कमाई नाही, इतिहास नाही, तरी क्रेडिट कार्ड हवे आहे

प्रश्न: मी मूळची लातूरची असून पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. माझे वय २० आहे. घरून दरमहा ८,००० रुपये येतात, नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्यांतून मला साधारण ४,००० मिळतात आणि बचत खात्यात ३१,००० रुपये शिल्लक आहेत. गेल्या महिन्यात मी दोन बँकांकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज केले आणि दोन्ही नाकारले गेले. पदवीनंतर शैक्षणिक कर्ज काढून जर्मनीत एम.एस. करायचे आहे, त्यासाठी आतापासून सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, तयार कर, असे सगळे सांगतात. एक मैत्रीण म्हणते, पे-लेटर ॲप (आत्ता खरेदी, पैसे नंतर) घे, ते लगेच मिळते. शिवाय कार्डाचे बिल पूर्ण न भरता थोडी बाकी ठेवली तर स्कोअर लवकर वाढतो, असेही ती सांगते. माझ्या वडिलांचे कृषी सेवा केंद्र आहे. त्यांच्या मते कार्ड म्हणजे घरात कर्ज बोलावून आणणे. त्यांना न सांगता कार्ड घ्यावे का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: उत्तराचा मुख्य भाग आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना मन अडकून राहणार नाही. कार्ड घ्या, पण ते मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे असावे, एकच असावे आणि वडिलांना सांगून घ्यावे. तिसऱ्या बँकेत साधा अर्ज मात्र आज करू नका. आणि ज्या कारणासाठी तुम्ही ही घाई करत आहात, त्या जर्मनीच्या शैक्षणिक कर्जाला तुमच्या या कार्डाचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी होईल, हेही आत्ताच लक्षात घ्या. त्याविषयी पुढे लिहितेच.

तुमचे अर्ज का नाकारले गेले, हे समजून घेण्यासाठी तुमच्या वडिलांच्या दुकानाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. त्यांच्याकडे उधारीची वही असेलच. खरिपाला बियाणे आणि खत उधार नेणारा, सोयाबीन बाजारात गेल्यावर पैसे आणून देणारा शेतकरी आणि त्याच्या नावापुढे तारीखवार लिहिलेले नावे-जमा. त्या दुकानात उद्या एखादा अनोळखी माणूस आला आणि वीस हजारांची खते उधार मागू लागला, तर तुमचे वडील त्याला लबाड समजणार नाहीत. त्याचे पान आपल्या वहीत नाही एवढेच त्यांना दिसेल, आणि म्हणून ते एकतर रोख मागतील किंवा ओळखीचा कोणी मध्ये घाला असे म्हणतील. बँकेने तुमच्या बाबतीत नेमके हेच केले. तुमचा स्कोअर वाईट नाही, तुमचे पानच अजून उघडलेले नाही.

ही वही भारतात चार कंपन्या ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याखाली त्या चालतात आणि बँका, वित्त कंपन्या व नागरी सहकारी बँका त्यांना कर्जदारांची माहिती पुरवतात. आपण सगळे सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण ते चारांपैकी एकीचे नाव आहे. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, आणि ज्याचे एकही कर्ज किंवा कार्ड नाही त्याच्या अहवालात आकड्याऐवजी ‘एनएच’, म्हणजे इतिहास नाही, असा शेरा असतो. केवळ एवढ्या शेऱ्यावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. परंतु तुमच्या अर्जात दुसरी उणीवही आहे: पगारपत्रक नाही, आयकर विवरणपत्र नाही आणि शिकवण्यांचे पैसे बहुधा रोखीने किंवा यूपीआयवर सुटे सुटे येत असतील. विनातारण कार्ड देताना बँक परतफेडीची नियमित कमाई पाहते, आणि ती तुम्हाला कागदावर दाखवता आली नाही. अर्ज नाकारताना त्याचे कारण लेखी कळवण्याचे बंधन कार्ड देणाऱ्या बँकेवर आहे, तेव्हा दोन्ही बँकांचे ईमेल किंवा पत्रे एकदा शोधून नीट वाचा.

दोन नकारांनी फार मोठे नुकसान झाले असे नाही. मात्र प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक तुमचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. थोड्या दिवसांत अशा चार-पाच नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला तुम्हाला पैशांची निकड असावी असे वाटते. म्हणून काही महिने नवा विनातारण अर्ज नको. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनाशुल्क मिळतो. तो त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, मध्यस्थ ॲपवरून घेतल्यास कर्जाच्या जाहिरातींचे फोन सुरू होतात. तुमच्या पॅनवर तुम्हाला ठाऊक नसलेले एखादे कर्ज दिसत नाही ना, हेही त्या निमित्ताने तपासून होईल. चूक आढळली तर तक्रार करा. ती तीस दिवसांत न सोडवल्यास पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

आता कार्डाकडे येऊ. आपल्याकडे ‘स्टुडंट कार्ड’ म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेचसे प्रीपेड कार्ड किंवा परदेशी चलनाचे कार्ड असते. त्यात आधी पैसे भरायचे आणि मग ते खर्च करायचे. त्यात उधारी नाही, म्हणून वहीत नोंदही नाही. वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या कार्डावर मिळणारे पुरवणी कार्डही तुमच्या कामाचे नाही, कारण त्याच्या बिलाची जबाबदारी मुख्य कार्डधारकावर असते आणि इतिहासही त्याचाच तयार होतो. तुमच्या परिस्थितीतल्या विद्यार्थ्यासाठी खरा सरळ मार्ग एकच उरतो, तो म्हणजे मुदत ठेवीवरचे कार्ड.

त्याची रीत अशी आहे. तुम्ही बँकेत मुदत ठेव करता, बँक तिच्यावर आपला हक्क नोंदवते आणि ठेवीच्या रकमेइतक्या किंवा तिच्याहून थोड्या कमी मर्यादेचे कार्ड देते. ठेवीवरचे व्याज तुम्हाला मिळत राहते. बिल थकले तर बँक ठेवीतून वसूल करू शकते, म्हणून ती पगारपत्रक मागत नाही आणि इतिहासही फारसा विचारत नाही. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर हा रोख आगाऊ ठेवून घेऊन दिलेला माल आहे, पण वहीत मात्र तो रीतसर उधार म्हणूनच लिहिला जातो. वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत, पॅन आणि आधार हवे. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीपासून आयसीआयसीआय, ॲक्सिस, कोटक, आयडीएफसी फर्स्टपर्यंत अनेकांनी अशी कार्डे दिली आहेत. ठेवीची किमान रक्कम बँकेगणिक वेगळी असते आणि ती वरचेवर बदलते, त्यामुळे जिथे तुमचे बचत खाते आहे त्या शाखेत आधी विचारा. विचारताना चार गोष्टी नक्की विचारा: वार्षिक शुल्क पहिल्या वर्षानंतर लागते का, मर्यादा ठेवीच्या किती टक्के, व्याजाचा दर किती, आणि कार्ड बंद केल्यावर ठेव किती दिवसांत मोकळी होते. बक्षिसाचे गुण आणि सिनेमाची तिकिटे यांची चौकशी तुमच्या वयाला साहजिक आहे, पण तुम्हाला मिळेल तेवढ्या लहान मर्यादेवर ते गुण वर्षाला एखाद्या जेवणाइतकेही भरत नाहीत.

तुमच्या ३१,००० पैकी २०,००० ची ठेव करावी आणि ११,००० खात्यात मोकळे ठेवावेत, असे माझे मत आहे. सगळी शिल्लक ठेवीत घातली, तर अडचणीच्या वेळी हातात कार्डाशिवाय काहीच राहणार नाही, आणि मग ज्या कार्डाकडे तुम्ही केवळ नोंदीसाठी पाहत आहात त्यावरच दवाखान्याचे किंवा वसतिगृहाचे बिल चढेल. कार्ड चालू आहे तोवर ही ठेव मोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मैत्रिणीने सांगितलेल्या दुसऱ्या युक्तीवर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण बाकी ठेवली तर स्कोअर वाढतो हा समज मी सुशिक्षित, नोकरदार माणसांकडूनही ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. बाकी ठेवल्याने स्कोअर वाढत नाही, बँकेचे उत्पन्न वाढते. समजा, ५ जूनला तुम्ही १०,००० रुपयांचा मोबाइल घेतला. २० जूनला बिल निघाले आणि भरण्याची शेवटची तारीख ८ जुलै आली. बिलावर दोन आकडे असतील: एकूण देय रक्कम १०,००० आणि किमान देय रक्कम, समजा पाच टक्क्यांप्रमाणे, ५००. तुम्ही ८ जुलैला ५०० भरले. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असते. पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज ८ जुलैपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे ५ जूनपासून मोजले जाते. पूर्ण १०,००० वर ३३ दिवसांचे ३८० रुपये, नंतर ९,५०० वर २० जुलैपर्यंतच्या १२ दिवसांचे १३१ रुपये, आणि या ५११ रुपयांवर १८ टक्के जीएसटीचे ९२ रुपये. एकूण ६०३. २० जुलैच्या बिलावर तुमची बाकी १०,१०३ रुपये दिसेल. पाचशे रुपये भरूनही कर्ज एकशे तीन रुपयांनी वाढलेले असेल. शिवाय बाकी असेपर्यंत जी नवी खरेदी कराल, तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होईल. पुढच्या बिलांच्या किमान रकमेत आधीचे व्याज आणि कर धरलेले असतात, त्यामुळे बाकी अशीच वाढत राहते असे नाही. पण ती उतरते इतकी हळू की मोबाइल जुना होईपर्यंत त्याचे पैसे फिटत नाहीत.

या दरावर कायद्याचा लगाम असेल असे समजू नका. वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

स्कोअर कशाने तयार होतो, याचे उत्तर त्यामानाने कंटाळवाणे आहे. दर महिन्याला बिल निघाले आणि ठरल्या तारखेच्या आत पूर्ण भरले गेले, ही एकच ओळ अहवालात महिन्यामागून महिना लिहिली जाणे, हेच त्यातले सर्वांत वजनदार अंग आहे. बिल २०० रुपयांचे होते की ५,००० चे, याला फार महत्त्व नाही. दुसरे अंग म्हणजे मर्यादेपैकी तुम्ही किती वापरता. साधारण तीस टक्क्यांच्या आत राहावे असा पायंडा आहे, म्हणजे २०,००० च्या कार्डावर बिलाच्या दिवशी सहा हजारांहून अधिक दिसू नये. तुम्ही तेवढाही खर्च करू नका. मोबाइलचे रिचार्ज, सुट्टीत लातूरला जाण्याचे तिकीट आणि सत्राची पुस्तके एवढेच कार्डावर टाका. खानावळ, चहा आणि कपडे पूर्वीप्रमाणे खात्यातल्या पैशांतून होऊ द्या. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते आणि तुमचे सगळे मित्र ते जोडा असेच सांगतील. निदान पहिले वर्ष जोडू नका. फोन काढून क्यूआर कोडवर धरला की आपण खात्यातले पैसे देतो आहोत की उधारीचे, हा फरकच डोळ्यांपुढे राहत नाही.

कार्ड हातात आले की पहिल्याच दिवशी बचत खात्यातून आपोआप बिल भरण्याची सूचना नोंदवा, आणि ती नोंदवताना ‘एकूण देय रक्कम’ हाच पर्याय निवडा. अर्जावर ‘किमान देय रक्कम’ हा पर्यायही शेजारीच असतो, आणि घाईत त्यावर खूण केलेल्या कित्येकांना आपण वर्षभर व्याज भरत होतो हे नंतर कळते. बिलाची तारीख बदलून घेण्याची मुभाही ग्राहकाला आहे. घरून पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत असतील तर भरण्याची तारीख दहाच्या पुढे येईल असे चक्र मागून घ्या. तारीख हुकलीच, तर तीन दिवसांच्या आत भरल्यास विलंबशुल्क लावता येत नाही आणि थकबाकी म्हणून कळवताही येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परंतु त्या तीन दिवसांवर विसंबून नियोजन करू नये. बँका पतमाहिती कंपन्यांना आता महिन्यातून निदान दोनदा माहिती कळवतात, त्यामुळे चांगली नोंद लवकर दिसते तशी वाईटही लवकर दिसते. कार्डावर एटीएममधून रोख रक्कम कधीच काढू नका. तिला बिनव्याजी मुदत नसते आणि वर वेगळे शुल्क लागते.

पे-लेटर ॲपविषयी थोडक्यात. त्यामागे कोणती तरी बँक किंवा वित्त कंपनी असते आणि तुमचे तीनशे रुपयांचे खाणेसुद्धा तिच्याकडचे कर्ज म्हणून नोंदले जाऊ शकते. लहान लहान कर्जांची रांग आणि त्यातले एखादे विसरून थकलेले, असा अहवाल कोऱ्या अहवालापेक्षा वाईट. महाविद्यालयाच्या महोत्सवात मंडप टाकून बसलेल्या प्रतिनिधीकडे सही करून आधारची प्रत दिली असेल आणि न मागितलेले कार्ड आले, तर ते सुरू करू नका. तीस दिवसांत सुरू न केलेल्या कार्डासाठी बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते, आणि ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड विनाशुल्क बंद करावे लागते. ओटीपी सांगितला की हे संरक्षण संपते.

आता जर्मनी. भारतातला स्कोअर तुमच्याबरोबर विमानात बसत नाही. तिथे शुफा नावाची वेगळी संस्था अशीच वही ठेवते आणि तिच्यात तुमचे पान पुन्हा कोरेच असेल. शैक्षणिक कर्ज तर तुम्ही इथेच घेणार आहात. परंतु त्यात वडील सहकर्जदार असतील, कमाई त्यांची दाखवली जाईल आणि म्हणून बँक तुमच्यापेक्षा त्यांचा अहवाल बारकाईने पाहील. दुकानाचे कॅश क्रेडिट (धंद्यासाठी बँकेकडून घेतलेले खेळते कर्ज), ट्रॅक्टरचे किंवा घराचे कर्ज, आणि आपल्याकडे जे सर्रास होते ते म्हणजे मित्रासाठी किंवा भाऊबंदासाठी जामीन राहून केलेली सही, हे सगळे त्यात दिसते. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की जामीनदाराचा अहवालही खराब होतो, आणि बऱ्याच जामीनदारांना हे बँकेने कर्ज नाकारल्यावरच समजते. त्यामुळे जर्मनीसाठी खरोखर काही करायचे असेल, तर या सुट्टीत वडिलांचा अहवाल काढून दोघांनी मिळून वाचा. काही दुरुस्ती निघाली तर दीड वर्ष हाताशी आहे. तुमचे स्वतःचे कार्ड कामाला येईल ते नंतर: पहिल्या नोकरीत विनातारण कार्ड घेताना, दुचाकीचे कर्ज काढताना, पुढे कधी घर घेताना.

त्यांना न सांगता घ्यावे का, या प्रश्नाला कायद्याचे उत्तर ‘घेऊ शकता’ असे आहे; तुम्ही सज्ञान आहात आणि ठेव तुमच्या पैशांची आहे. माझे उत्तर ‘नको’ असे आहे. बिल, बँकेचे पत्र किंवा एखादा फोन कधीतरी घरी पोहोचतोच, आणि ज्या माणसाने उद्या तुमच्या कर्जावर सही करायची आहे त्याला आपल्या मुलीचे पहिले कार्ड असे कळू नये. त्यांची भीती निराधारही नाही. वरचा १०,१०३ चा हिशेब त्यांच्यासमोर मांडलात तर ते म्हणतील, मी हेच सांगत होतो. त्यावर तुम्ही त्यांना ठेवीची पावती दाखवा, मर्यादा ठेवीच्या पलीकडे जात नाही हे सांगा, आणि पहिले सहा महिने प्रत्येक बिल व ते भरल्याची नोंद व्हॉट्सॲपवर पाठवते असे आपणहून कबूल करा. उधारी देणारा माणूस आहे तो; शब्द कोणाचा पाळला जातो हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळते.

ते तरीही नाही म्हणाले, तर वर्षभर थांबल्याने तुमचे काहीही बिघडत नाही. हो म्हणाले, तर ठेव किमान एक वर्षाची करा, मुदत संपल्यावर ती आपोआप पुढे चालू राहील अशी सूचना अर्जात द्या, आणि नामनिर्देशनाच्या रकान्यात त्यांचे नाव लिहा.